उजागऱ्यांची बोटे

लक्ष्मण उजागरे दोर वळत आणि पंचक्रोशीतले गोऱ्हे बडवत, म्हणजे खच्ची करत. त्यांचे चिरंजीव शमुवेल बाप्तिस्मा घेऊन मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि वडिलांचा बडवायचा दांडका त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातला. शमुवेलांचे चिरंजीव याकोब जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टीला लागले, म्हणजे आजोबांचे काम बापाची नजर चुकवून पुन्हा घरात आले. आणि याकोबांचे चिरंजीव प्रभुदास यांनी तर तेच काम सरकारी पदविका घेऊन केले. खाकी पिशवीत लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा घालून ते आधी कोपरगाव आणि मग शेवगाव तालुक्यातली गावे सायकलवर, पुढे मोटारसायकलवर फिरले. पशुधन पर्यवेक्षक हे त्यांच्या पदाचे नाव. गाव त्यांना डॉक्टर म्हणे.

चार पिढ्यांत घर बदलले, देव बदलला, पोशाख बदलला. बोटे तेवढी तीच राहिली. गोऱ्ह्याच्या वृषणाला वरून रक्त पुरवणारी शीर चिमट्यात धरून दाबली की ती कातडीच्या आत तुटते, आणि रक्तावाचून खालची गोळी हळूहळू वाळते. महिना-दीड महिन्याने जाऊन हात लावून पाहायचे. गोळी आकसून मऊ पडली असेल तर काम पक्के. त्या जनावराकडे पुन्हा म्हणून पाहायचे नाही. प्रभुदासराव हे डोळे मिटून, दोन बोटांत धरून सांगत, आणि त्यांचा निर्वाळा कधी चुकल्याचे कोणी ऐकले नव्हते. "उजागऱ्याचं बोट लागलं, विषय संपला," असे शेतकरी म्हणत.

त्यांच्या पत्नी हेलनबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना सारे शेवगाव बाई म्हणे. घरात नवराही बाईच म्हणे. त्या फारसे बोलत नसत. त्या सांगत, आणि समोरचा करी.

अडीच वर्षांपूर्वी प्रभुदासरावांना लघवीचा त्रास सुरू झाला आणि तपासण्यांअंती प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तेव्हाही बाईंनी रडारड केली नाही. नगरच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावून दिले, की हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन तयार होणे थांबवले की रोग दबून राहतो. त्यासाठी दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, जन्मभर. मुलगी सिल्व्हिया नगरजवळ कारखान्यात नोकरीला होती, तरी बाईंनी घरी आल्याबरोबर व्यवस्था लावून टाकली.

"ठरलेल्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने नगरला जायचं, इंजेक्शन घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. सिल्व्हियाला तिच्या कंपनीतून रजा काढायला लावायची नाही. कळलं?"

"बरं, बाई," प्रभुदासराव म्हणाले.

इंजेक्शनांनी रोग दबला. त्याबरोबर आणखी पुष्कळ काही दबले. ऐन थंडीत प्रभुदासरावांच्या अंगातून वाफा निघत. सदरा ओला होई आणि ते अंगणात जाऊन उभे राहत. दाढी दोन-दोन दिवस करावी लागेना. छातीवरचे केस विरळ झाले, दंड सैल पडले, पोट सुटले. रविवारच्या उपासनेत ज्यांचा खर्जातला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई, ते ओठातल्या ओठात गाऊ लागले. बाई सर्व पाहत होत्या. एकदा न्हाणीतून बाहेर येऊन ते बराच वेळ टॉवेल हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आटलं सगळं."

"जीव वाचला ना?" बाई म्हणाल्या. "कपडे घाला. गारठा आहे."

या विषयावर नवराबायकोचे एवढेच बोलणे झाले.

दीड वर्ष असे गेले आणि मग हळूहळू चित्र पालटले. घामाच्या लाटा थांबल्या. प्रभुदासराव पुन्हा रोज दाढी करू लागले. ज्वारीचे पोते त्यांनी एकट्याने उचलून कोठीत नेले. कापणीच्या सणाला त्यांचा आवाज पुन्हा मंडळीत घुमला आणि पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिले. बाईंनी त्या दिवशी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. त्यात आपल्या शिस्तीचाही वाटा आहे, हे त्यांच्या मनात आलेच.

पाठदुखी त्यानंतर सुरू झाली. पोते उचलल्यामुळे लचक भरली असेल म्हणून बाईंनी तेल गरम करून दिले, शेक दिला. दुखणे कमी होईना. आणि अशा एका सकाळी गहिनीनाथ दारात आला.

गहिनीनाथ हा दवाखान्यातला जुना परिचर. प्रभुदासराव चिमटा लावत तेव्हा गोऱ्ह्याला जमिनीवर पाडून त्याचे पाय धरण्याचे काम त्याचे असे. हातात गवारीच्या शेंगांची पिशवी आणि तोंडात जिभेला हाड नसलेली बडबड, असा तो नेहमी येई.

"बाई, डॉक्टर हायेत का? तीन म्हयने झाले, बाजाराला दिसले न्हाईत, म्हनून म्हनलं बघून यावं."

"कोणत्या बाजाराला?"

"घोडेगावच्या. जनावरांच्या. तिथं दर तीन म्हयन्यांनी आमची बैठक असती न्हवं का. डॉक्टर बैलाच्या मांडीवर थाप मारून वय सांगत्यात, अन् लोक चहा पाजत्यात. आमी फुकटात पितो."

बाईंनी शेंगांची पिशवी खाली ठेवली. "घोडेगावचा बाजार शुक्रवारी असतो."

"व्हय."

"दर तीन महिन्यांनी ते शुक्रवारी नगरला जातात. इंजेक्शनला."

गहिनीनाथाचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. मग तो पायातल्या वहाणा शोधू लागला, ज्या त्याच्या पायातच होत्या. "माज्या लक्षात ऱ्हात न्हाई, बाई. एकांदा शुक्रवार आसंल. का दुसरंच कुनी आसंल."

"गहिनीनाथ, इकडे बघ. कधीपासून येतात?"

"लई दिस झाले," तो खाली मान घालून म्हणाला. "मागल्या उन्हाळ्याच्या आदीपासून. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल. या घरात तुमाला ठावं नसलेलं कायी असतं का?"

बाई आत गेल्या. प्रभुदासराव पलंगावर उताणे पडले होते. त्यांनी सर्व ऐकले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"इंजेक्शन किती दिवस घेतलं नाही?"

"वर्ष होऊन गेलं."

"का?"

प्रभुदासरावांनी उजव्या हाताची दोन बोटे वर केली आणि अंगठ्यावर घासली, जणू त्यांत काही धरले होते. "मी स्वतः पाहिलं, बाई. हात लावून. दोन्हीकडे. आकसून एवढी झालेली, मऊ. याच बोटांनी मी आयुष्यभर पास-नापास केलंय. काम पक्कं झालं होतं. आटलेल्या गोऱ्ह्याला दुसऱ्यांदा चिमटा लावतात का कुठं? हार्मोन जिथून यायचं ते ठिकाणच वाळलं, मग इंजेक्शन कशाला? त्या घामाच्या वाफा, ती मरगळ... उगाच."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू 'जा' म्हणाली असतीस."

बाईंच्या डोळ्यांपुढे ज्वारीचे पोते आले, गुळगुळीत दाढी आली, कापणीच्या सणाचा तो आवाज आला. ज्या ज्या गोष्टीसाठी त्यांनी देवाचे आभार मानले होते, ती प्रत्येक गोष्ट रोग जागा होत असल्याची खूण होती.

"उठा," त्या म्हणाल्या. "आत्ता नगरला जायचं."

प्रभुदासराव कुशीवर वळले, पाय खाली सोडले, उभे राहिले, आणि डावा पाय दुमडून जमिनीवर बसले. पडले असे म्हणता येणार नाही. पाय त्यांचा नसल्यासारखा खालून निघून गेला. ते चकित होऊन त्या पायाकडे पाहत राहिले.

"मुंग्या येत होत्या दोन दिवस," ते म्हणाले. "वाटलं, झोपलाय."

गहिनीनाथ दारातून धावत आला आणि त्याने त्यांना बगलेत धरून उचलले.

सिल्व्हिया नागापूरच्या कारखान्यातून गाडी घेऊन तडक आली. बाईंनी जुन्या रुग्णालयात न नेता धवलकडे न्यायला सांगितले. धवल हा शेवगावातल्या भिक्षुक घराण्यातला मुलगा. वडील शामकांतराव हायस्कुलात कारकून होते. बाईंच्या खासगी शिकवणीला तो येई. आता तो नगरमध्ये मूत्ररोगांचा शल्यचिकित्सक होता, डोक्यावरचे केस गेले होते, तरी बाई केबिनमध्ये शिरताच खुर्चीवरून उठला.

संध्याकाळपर्यंत रक्ततपासणी आणि पाठीचा एमआरआय झाला. सूज उतरवणारे औषध शिरेतून सुरू झाले. मग धवल खाटेपाशी स्टूल ओढून बसला.

"बाई, तुम्ही बाहेर बसता का? काकांशी जरा..."

"धवल, तू बोल. मी इथेच आहे."

"बरं, बाई," धवल म्हणाला. प्रभुदासरावांच्या ओठांवर तेवढ्यातही हसू फुटले.

"काका, तुमचं निदान जनावराच्या बाबतीत बरोबर होतं," धवलने सुरुवात केली. "माणसाला इंजेक्शन दिलं तेव्हा आत झालं ते वेगळं. ही सिल्व्हियाताई कारखान्यात आहे, म्हणून तसंच सांगतो. वृषण हा कारखाना. त्याला वरून, मेंदूकडून, मालाची ऑर्डर येते. इंजेक्शनने आम्ही ती ऑर्डर बंद केली. काम नाही, मग आतल्या शुक्रजंतूंच्या नळ्या बारीक झाल्या, त्यांच्या भिंती जाड झाल्या, पुष्कळशा कायमच्या बाद झाल्या. गोळी लहान झाली, मऊ झाली. बरोबर?"

"बरोबर," प्रभुदासराव म्हणाले.

"पण त्या नळ्यांच्या मधल्या जागेत दुसऱ्या पेशी असतात. हार्मोन बनवणारे कामगार ते. ते आक्रसले आणि झोपले. काही मेले असतील, सगळे नाही. तुम्ही इंजेक्शन सोडलंत, काही महिन्यांनी वरून ऑर्डर पुन्हा यायला लागली, आणि ते उठून कामाला लागले. बंद पडलेला कारखाना आणि पाडलेला कारखाना, बाहेरून हात लावला तर दोन्ही थंडच लागतात."

प्रभुदासरावांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे शीर शाबूत होती."

"हो. रक्त चालू होतं."

"शीर शाबूत होती," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी आपला उजवा हात चादरीखाली घातला. चार पिढ्यांत त्या हाताची अशी चूक झाली नव्हती. ती झाली, तीही स्वतःच्या देहावर.

"पुढचं सांग," बाई म्हणाल्या.

पुढचे वाईट होते. रोग कण्यात शिरला होता. एका मणक्यातली गाठ मज्जारज्जूला टेकली होती; डाव्या पायाची ताकद त्यामुळे गेली होती. किरणोपचार लागणार होते, त्याची व्यवस्था धवलने सुरू केली होती. पण हार्मोन ताबडतोब खाली आणायला हवे होते, आणि तिथेच अडचण होती.

"पूर्वीचं इंजेक्शन दिलं तर पहिले काही दिवस हार्मोन आधी उसळतं, मग उतरतं. गाठीला तेवढी उसळी पुरली, तर दोन्ही पाय जातील. लघवी-संडासचा ताबा जाईल. न उसळणारं दुसरं एक इंजेक्शन आहे. ते पुण्याहून मागवावं लागेल, आणि दर महिन्याला घ्यावं लागेल. एकही चुकवून चालणार नाही."

"हे चुकवतात," बाई म्हणाल्या.

धवलने नजर वळवली. "तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. दोन्ही वृषण काढायचे. लहान ऑपरेशन आहे, जागेवर भूल देऊन होतं. एका दिवसात हार्मोन तळाला जातं, आणि पुन्हा कधी वर येत नाही. माझं मत विचाराल तर हाच. उद्या सकाळी पहिली केस म्हणून घेतो. त्याहून उशीर नको. पाय एकदा पुरता गेला की परत येईल याची खात्री मी देत नाही."

प्रभुदासरावांनी नाही म्हटले नाही. ते उघड नाही कधीच म्हणत नसत. ते सिल्व्हियाला म्हणाले, "बेटा, गाडी काढ. घरी जाऊ."

"पप्पा!"

"माझ्या वहाणा कुठं आहेत?"

"काका, तुम्हाला उभं राहता येत नाहीये," धवल म्हणाला.

"मग उचलून न्या. मी या हातांनी हजारो गोऱ्हे खच्ची केले. त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही. मला तुम्ही विचारताय, ही मेहेरबानी आहे. मी नको म्हणू शकतो ना? का तेही नाही?" ते एवढे मोठ्याने बोलले की शेजारच्या खोलीतल्या माणसाने डोकावून पाहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

बाहेरच्या बाकावर सिल्व्हिया आईजवळ येऊन बसली. बत्तीस वर्षांची मुलगी, हाताखाली माणसे असलेली. आज शाळकरी पोरीसारखी आईचा पदर धरून बसली होती. तिचा थोरला भाऊ जोसेफ दुबईहून सारखा फोन करत होता, तो तिने बंद केला.

"आई, तू सांग ना. तू सांगितलंस की ते ऐकतात."

"ऐकतात," बाई म्हणाल्या, "असं मलाही वाटायचं."

पण सांगण्याखेरीज एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. ती त्यांनी आजवर कधी वापरली नव्हती.

मुले लहान असताना प्रभुदासरावांची नेमणूक कोपरगाव तालुक्यात होती. सिल्व्हिया पाळण्यात होती. कुटुंबनियोजनासाठी सरकारी नोकरांवर तेव्हा वरून फार दट्ट्या असे. प्रभुदासरावांनी स्वतःची नसबंदी करून घेण्याचे कबूल केले, नाव दिले. आणि शिबिराच्या दिवशी पहाटेच सायकल काढून कुठल्याशा वाडीवर गोऱ्हे खच्ची करायला निघून गेले. दिवसभर परत आले नाहीत. साहेबांची जीप दारात उभी होती. हेलनबाई त्या वेळी तरुण होत्या, मानी होत्या. उजागऱ्यांचे गावात हसे होऊ नये म्हणून सिल्व्हियाला शेजारणीच्या ओटीत देऊन त्या स्वतः जीपमध्ये चढल्या. उसाच्या शेताकडेला उभारलेल्या मांडवात त्यांचे ऑपरेशन झाले. जखम चिघळली. विष अंगभर पसरले आणि एक पावसाळा त्यांनी मिशनच्या इस्पितळात मरणाच्या दाराशी काढला. पोटावरचा आडवा, ओबडधोबड व्रण अजून थंडीत ठणकत असे.

शुद्धीवर आल्यावर खाटेच्या पायथ्याशी प्रभुदासराव उभे होते. "हेलन," ते म्हणाले होते, "हे माझ्या अंगावर राहिलं. कधीही माग. फेडीन."

हेलनबाईंनी ते मागितले नाही आणि सोडूनही दिले नाही. त्यांनी ते नुसते राहू दिले. त्यानंतर बदली कुठे मागायची, घर कुठे बांधायचे, जोसेफने काय शिकायचे, या प्रत्येक प्रश्नावर त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहावे, आणि त्याने "बरं, बाई" म्हणावे. हेलनची बाई झाली ती शाळेत नव्हे. त्या खाटेवर झाली. त्या न फेडलेल्या ऋणावर त्यांनी संसार सुरेख चालवला, याचा त्यांना गर्व होता. आज या बाकावर बसून प्रथमच त्यांच्या ध्यानात आले, की ज्याला घरात उघड नाही म्हणण्याची सोय उरत नाही, तो माणूस बाजारात जाऊन बसतो आणि इंजेक्शन चुकवतो.

ऋण आज मागितले तर नवरा ते फेडील, याची त्यांना खात्री होती. आणि एकदा फेडल्यावर आपल्यापाशी काय उरेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. मागूनही त्याने मान फिरवली तर काय, तेही ठाऊक नव्हते.

खिडकीबाहेर उजेड कलला होता. आतून परिचारिकेचा आवाज आला, "बाबा, अंगठा हलवा बरं. हलवा ना. हलवताय का?" बाई उठल्या.

त्यांनी दार लावून घेतले आणि स्टुलावर बसल्या. प्रभुदासरावांचे तोंड अजून भिंतीकडे होते.

"कोपरगाव आठवतं?"

भिंतीकडूनच उत्तर आले. "विसरलो कधी?"

"मी मागायला आले आहे."

प्रभुदासरावांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्य होते. "इतक्या वर्षांत मागितलं नाहीस."

"मागितलं नाही, कारण मागेपर्यंत तुम्ही माझ्या मुठीत होतात. ती मूठ आज उघडते आहे. तुम्ही उद्या त्या टेबलावर जा आणि माझ्यासाठी जगा. मग तुमच्या अंगावर काही नाही."

"आणि व्याज?"

"व्याज मी रोज वसूल केलं," बाई म्हणाल्या. "मुद्दल तेवढी राहिली आहे."

प्रभुदासराव हसले, आणि हसता हसता त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले. बाईंनी त्यांना रडताना पूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी नजर फिरवली नाही.

"त्या दिवशी मी पळालो ना, बाई... वाडीवर पहिलाच गोऱ्हा पाडला. गहिनीनाथासारखा कोणी पाय धरून होता. मी चिमटा लावला आणि तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, बघ, मी सुटलो. तू तिकडं मांडवात होतीस, हे मला संध्याकाळी कळलं." ते थांबले. "मला तेव्हा भीती वाटली होती. आता त्याहून जास्त वाटते. आटलेलं का होईना, ते आहे. उद्या तेही नसेल. शेवगावात लोक काय म्हणतील? खच्ची डॉक्टर खच्ची झाला."

"म्हणू द्या. मलाही त्या मांडवात भीती वाटली होती. मी गेले."

"गेलीस," ते म्हणाले.

खोलीत सलाइनच्या थेंबांखेरीज काही हलत नव्हते. त्यांनी हुकूम केला नव्हता. आणि हुकूम केला नाही की उत्तराची अशी वाट पाहावी लागते, हे त्यांना नवीन होते.

"एक गोष्ट," प्रभुदासराव अखेर म्हणाले. "हे लोकांना मी सांगणार. पाळकांना, जोसेफला, गहिनीनाथला. तू सांगायचं नाहीस. झाकायचंही नाहीस."

"बरं," बाई म्हणाल्या.

"धवलला बोलाव."

सकाळी त्यांना आत नेले तेव्हा उजव्या पायातही जडपणा आला होता. ते ऐकून धवलचा चेहरा उतरला आणि तो भराभर चालत आत गेला. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. सिल्व्हियाने दोनदा खुर्ची आणून ठेवली, त्या बसल्या नाहीत. शेवगावहून पहिल्या गाडीने गहिनीनाथ आला होता. तो कोपऱ्यात उकिडवा बसून होता.

दार उघडून धवल बाहेर आला, तेव्हा त्याने मुखपट्टी खाली केली. "झालं, बाई. व्यवस्थित झालं." मग जरा घुटमळून म्हणाला, "काकांनी मला थांबवलं. म्हणाले, काढलंयस ते माझ्या हातात दे. हातमोजा चढवून दिलं. दोन बोटांत धरून पाहिलं त्यांनी. म्हणाले, 'धवल, आत्ताही मी काम पक्कं असंच सांगितलं असतं.' मग म्हणाले, 'घेऊन जा.'"

बाईंनी मान हलवली.

पुढचे दोन दिवस कठीण गेले. किरणोपचाराला खाटेवरूनच नेत-आणत होते. परिचारिका दर पाळीला पायाच्या अंगठ्याला बोट लावून विचारी, आणि प्रभुदासराव कपाळावर शिरा येईपर्यंत जोर करीत. अंगठा ढिम्म राही. गहिनीनाथला त्यांनी स्वतः जवळ बोलावून, काही न लपवता, सर्व सांगितले. गहिनीनाथने नाक पुसले.

"डॉक्टर, तुमीच म्हनायचे न्हवं का, खच्ची झाल्यावरच बैल औताला लागतो म्हनून? तवर नुसता हुंदडतो. मंग आता लागा औताला. बाई हायेतच कासरा धरायला."

"गहिन्या, तुझं तोंड शिवून टाकायला पाहिजे," प्रभुदासराव म्हणाले आणि पोटावर हात दाबून, टाके ताणत, हसले. बाई दारात उभ्या होत्या. गावातले सगळ्यांत मोठे तोंड हसून मोकळे झाले होते आणि आभाळ कोसळले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने अंगठ्याला बोट लावले, तेव्हा तो हलला. थोडासाच, पण हलला. तिने सिल्व्हियाला हाक मारली, सिल्व्हियाने धवलला फोन लावला. धवलने येऊन पाहिले, गुडघा दुमडायला सांगितला. गुडघा चादरीखाली वीतभर वर आला आणि थरथरत टिकला. रक्तातले हार्मोन तळाला गेल्याचे त्याने सांगितले. रोग संपला असे नाही, तो म्हणाला. पण पाय वाचले, आणि पुढची काही वर्षे हातात आहेत असे धरून चालायला हरकत नाही.

सगळे गेल्यावर खोलीत दोघेच राहिले. बाईंनी डब्यातून नाचणीची पेज वाटीत ओतली, वर तूप घातले आणि चमचा पुढे केला.

"घ्या. सगळी संपवायची."

"नको, हेलन," प्रभुदासराव म्हणाले. "मला पेज आवडत नाही. कधीच आवडली नाही."

इतक्या वर्षांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. हेलनबाईंचा चमचा हवेत राहिला. जिभेवर आलेले वाक्य त्यांनी गिळले. या माणसाकडे आता नुसते पाहून भागणार नव्हते. त्याच्याकडे त्यांचे काही येणे उरले नव्हते.

"मग काय खाणार?" त्यांनी विचारले.

"भाकरी. आणि गहिनीनाथाच्या शेंगांची भाजी, तिखट."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि त्या सिल्व्हियाला फोन करायला उठल्या.

"फिटलं ना?" मागून प्रभुदासरावांनी विचारले.

"सगळं," हेलन म्हणाली.